नागपुरात समुद्री पार्क : आधी टाकी ठरवायची की आधी प्राणी?

वर्धारोड_प्रकल्प

नमस्कार मंडळी. वर्धा रोडवरच्या एका चालू वॉटर पार्कच्या व्यवस्थापनाला शेजारच्या सहा एकरांत समुद्री विभाग उभारायचा आहे. पुढच्या दहा वर्षांचा आराखडा मागितला आहे. वास्तुविशारदाच्या पहिल्या नकाशात १० लाख लिटरची मुख्य टाकी, तिच्यातून जाणारा २० मीटरचा ॲक्रिलिक बोगदा, ८०० प्रेक्षकांचा शो-तलाव (त्यावर ‘डॉल्फिन किंवा सी-लायन’ असं लिहिलंय), पेंग्विनची खोली, मुलांना हात लावून बघता येईल असा उथळ हौद आणि ३० लहान टाक्या आहेत. यंत्रणेसाठी तळघरात एकूण जागेच्या १५ टक्के धरले आहेत.

शो-तलाव ठेवावा की नाही? पाणी मुंबईहून टँकरने आणायचं की इथेच तयार करायचं? मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असताना टाकी २५ अंशांवर ठेवायची तर वीजभार किती धरावा? आणि तीन टप्पे करायचे तर पहिला कोणता? हे सगळं संचालक मंडळापुढे ठेवायचं आहे, म्हणून आकड्यांसकट उत्तरं मिळाली तर फार मदत होईल. हौशी मत्स्यपालकांच्या गटांत घरच्या टाकीच्या हिशेबाने उत्तरं येतात, म्हणून इथे विचारतो आहे.

---

नियमावली

शो-तलाव नकाशातून आजच काढा, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १७ मे २०१३ च्या परिपत्रकानुसार डॉल्फिन आणि इतर देवमासेवर्गीय प्राणी करमणुकीसाठी आणायला, पकडायला आणि अशी डॉल्फिनगृहं उभारायला राज्यांनी परवानगी द्यायची नाही. त्याआधीचा अनुभवही वाईटच होता. चेन्नईजवळ १९९८ मध्ये बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत दगावले.

सी-लायनवर तशी थेट बंदी नाही, पण त्यामुळे तो पर्याय सोपा होत नाही. सस्तन प्राणी, खेळ करवून घेण्याची वेगळी नोंदणी, आयातीची परवानगी, चोवीस तास पशुवैद्य, आणि वीस-पंचवीस वर्षं जगणारा प्राणी. वॉटर पार्कच्या व्यवस्थापनाने पहिल्या दहा वर्षांत याला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेंग्विनबद्दल. राणीच्या बागेत २०१६ साली सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, ऑक्टोबरमध्ये त्यातला एक दगावला, आणि कक्षाचं तापमान १६ ते १८ अंश ठेवावं लागतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की हम्बोल्ट पेंग्विन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. त्या परिशिष्टातल्या प्राण्यांची निव्वळ व्यापारी हेतूने आयात होत नाही. सरकारी प्राणिसंग्रहालयाने आणणं वेगळं, तिकीट लावून चालणाऱ्या खासगी पार्कने आणणं वेगळं.

आता माशांकडे. नकाशात चुकून शिरतात अशा तीन गोष्टी सांगतो. समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. प्रवाळ, म्हणजे भिंत बांधणारे, काळे, पंख्यासारखे, तेही तिथेच. आणि समुद्रकाकडी! हात लावायच्या हौदासाठी परदेशी कॅटलॉगमधून पहिली निवड तिचीच होते, आणि आपल्याकडे ती पहिल्या अनुसूचीत आहे. मोठा हेकरू (ग्रूपर मासा) आणि मुशी (शार्क)-पाकटांच्या ठरावीक जातीही संरक्षित आहेत. अनुसूचीतला एकही प्राणी प्रदर्शनात ठेवला तर कायद्याच्या भाषेत तुमचं ‘प्राणिसंग्रहालय’ होतं आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची पूर्वमंजुरी बांधकामाआधी लागते, उद्घाटनाआधी नव्हे. प्रवाळभिंत हवी असेल तर रेझिन किंवा काँक्रीटची कृत्रिम भिंत करा.

दुरुस्त कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात साइट्सच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी आली आणि ती पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. काळ्या टोकाची मुशी ज्या कुळात मोडते ते संपूर्ण कुळ नोव्हेंबर २०२३ मध्ये साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं. त्यामुळे ‘आमच्याकडे शार्क आहे’ असं फलकावर लिहिण्याआधी त्या शार्कचा जन्म-खरेदीचा कागद फाइलमध्ये हवा. प्रजातींची यादी, शास्त्रीय नावांसकट, वास्तुविशारदाच्या आधी वन्यजीव कायद्याच्या जाणकाराकडे जाऊ द्या.

---

पंपघर

पाणी आणि यंत्रणेचं मी लिहितो.

टँकरचा विचार सोडा. २० हजार लिटरचा टँकर धरला तर १० लाख लिटरला ५० फेऱ्या, प्रत्येकी सातशे-आठशे किलोमीटर. आणि मुंबईच्या किनाऱ्याजवळचं पाणी असं आणायचं की ज्यात सांडपाणी आणि तेल दोन्ही असू शकतं. शिकागोच्या शेड मत्स्यालयाने १९३० मध्ये फ्लोरिडातल्या की वेस्टहून रेल्वेच्या टाक्यांमधून समुद्राचं पाणी आणलं होतं, पण आता तेही तिथेच मीठ मिसळून पाणी बनवतात. अटलांटाचं जॉर्जिया मत्स्यालय समुद्रापासून दूरच आहे, तिथेही तेच. आपल्या जवळचं उदाहरण अहमदाबादच्या सायन्स सिटीतलं, जुलै २०२१ मध्ये सुरू झालेलं, २८ मीटरच्या बोगद्याचं. तो प्रकल्प सुमारे २६० कोटींचा होता. संचालकांना आधी तिथे घेऊन जा, पण बोगद्यात नको, पंपघरात.

पाणी बनवण्याचं प्रमाण. तयार सागरी मीठ वापरलं तर लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे १० लाख लिटरला ३६ ते ३८ टन. एवढ्या प्रमाणात सुटे क्षार घेऊन मिसळणं परवडतं. दर १००० लिटरला : सोडियम क्लोराइड २७ किलो, मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एप्सम ७ किलो, मॅग्नेशियम क्लोराइडचे पापुद्रे ५ किलो, कॅल्शियम क्लोराइड दीड किलो, पोटॅशियम क्लोराइड ७०० ग्रॅम, खायचा सोडा २०० ग्रॅम, आणि ब्रोमाइड, बोरेट, स्ट्राँशियम हे सूक्ष्म घटक वेगळे. मीठ आयोडीन न घातलेलं आणि गुठळ्या न होण्यासाठी काही न मिसळलेलं घ्या. मॅग्नेशियम क्लोराइड कच्छच्या रणाकडून सहज मिळतं, पण स्वस्त मालात अमोनिया आणि तांबं सापडतं, म्हणून प्रत्येक खेपेची चाचणी झाल्याशिवाय गोणी फोडायची नाही.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मीठ, एप्सम, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम, जोरदार फिरतं पाणी ठेवून. मग सोडा वेगळ्या पिंपात विरघळवून. कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, वेगळं विरघळवून आणि थंड करून, कारण ते विरघळताना बरंच तापतं, आणि हळूहळू सोडायचं. घाई केली तर पाणी दुधाळ होतं, चुना तळाला बसतो, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) दोन्ही खाली येतात. चोवीस तास फिरवल्यावर मोजा : क्षारता-मीटरवर दर हजारी ३४-३५, कॅल्शियम ४०० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२८०-१३०० मिलिग्रॅम, अल्कलिनिटी जर्मन मापाने ७ ते ८, सामू ८.१ ते ८.३.

मूळ पाणी कोणतं? महापालिकेच्या हद्दीत असाल तर पेंचचं प्रक्रिया केलेलं पाणी, क्लोरीन काढून. हद्दीबाहेर बोअर असेल तर कडकपणा आणि नायट्रेट दोन्हीची चाचणी करा आणि आरओ धरूनच चाला. आरओमधून ६५ टक्के पाणी मिळतं असं धरलं तर १० लाख लिटरसाठी साडेपंधरा लाख लिटर लागेल. उरलेलं पाणी शौचालयांना आणि बागेला वापरता येतं.

वीज. टाकीचं सगळं पाणी दीड तासात एकदा गाळणीतून गेलं पाहिजे, म्हणजे ताशी सुमारे ६६७ घनमीटर. १५ मीटर दाब आणि पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ४० किलोवॉट, अखंड. दिवसाला ९६० युनिट, फक्त फिरवायला. आता लक्षात घ्या, ही ४० किलोवॉट जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. बाहेरचं ऊन शून्य धरलं तरी टाकी दिवसाला साधारण पाऊण ते एक अंश तापेल. म्हणजे फक्त पंपांसाठी ११-१२ टनांचं शीतकरण, त्यावर दिवे, माणसांची गर्दी, काचेतून आणि छतातून येणारी उष्णता. दुहेरी छत आणि इन्सुलेशनवर खर्च केला तर चिलर लहान घेता येतो, आणि तो फायदा तीस वर्षं मिळतो. पंपांना वेगनियंत्रक लावा आणि पाणी शक्य तितक्या कमी दाबाच्या मार्गाने फिरवा.

चिलरचं उष्णता-विनिमयक टायटॅनियमचंच. तांबं-निकेलचं स्वस्त पडतं म्हणून कंत्राटदार सुचवतील. त्यातून झिरपणारं तांबं शिंपले, तारामासे, झिंगे यांना मारतं. एक पितळी व्हॉल्व्हसुद्धा लाइनमध्ये नको. ३१६ स्टेनलेसलाही खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात. पाइप पीव्हीसी किंवा एचडीपीई, पंप एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) किंवा ड्युप्लेक्स स्टीलचे.

काँक्रीटबद्दल दोन गोष्टी. खारं पाणी सळईपर्यंत पोचलं की गंज फुगतो आणि भिंत फुटते, म्हणून टाकीत काचतंतूच्या किंवा एपॉक्सी लेपाच्या सळया, ५० ते ७५ मिलिमीटर आवरण, आत एफआरपीचं अस्तर. आणि आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हजार टन पाण्याची टाकी तिच्यावर बसवायची नाही. माती पूर्ण काढून खाली कठीण मुरूम किंवा खडकापर्यंत जा, नाहीतर पाया असमान बसला की पहिला ताण ॲक्रिलिकच्या सांध्यावर येतो.

ॲक्रिलिक तापमानाने बरंच प्रसरण पावतं. १० मीटर लांबीला ३० अंशांच्या फरकात सुमारे २१ मिलिमीटर. नागपुरात जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तेवढा फरक सहज पडतो. त्यामुळे एसी चालू नसलेल्या इमारतीत बसवलेला बोगदा उन्हाळाभर रिकामा ठेवू नका. पुसायला स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल चालत नाही, बारीक केसासारख्या भेगा पडतात. बर्लिनच्या हॉटेलातली १० लाख लिटरची दंडगोल टाकी १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे फुटली, सुमारे १५०० मासे होते. पहाट होती म्हणून माणसं वाचली. सांध्यांची वार्षिक तपासणी आणि ती कोण करणार हे खरेदीच्या करारातच लिहा.

खाऱ्या सांडपाण्याचं सगळेच विसरतात. वाळूच्या गाळण्या उलट्या धुताना रोज दोन टक्के पाणी गेलं तरी २० हजार लिटर, त्यात ७०० किलोच्या वर मीठ. हे पाणी नाग नदीत, नाल्यात किंवा शेतात सोडायचं नाही. पुनर्प्राप्ती टाकी ठेवा, गाळ बसू द्या, ओझोन द्या, गाळून परत घ्या. उरलेला थोडा खारा गाळ एचडीपीई अस्तराच्या बाष्पीभवन हौदात. मेमध्ये तो हौद झपाट्याने सुकेल, पण जुलै-ऑगस्टच्या पावसात तोच भरून वाहील, म्हणून छप्पर हवंच. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात हा भाग आधीपासून दाखवा.

आणि तळघरात १५ टक्के जागा? दुप्पट करून सुरुवात करा. गाळण्या, फेस काढणारे मनोरे, वायू काढणारा मनोरा, चिलर, मीठ मिसळण्याच्या टाक्या, मिठाचं गोदाम, अलगीकरण कक्ष, खाद्याची शीतकोठी, प्रयोगशाळा. पाहणाऱ्याला दिसते तेवढी जागा न दिसणाऱ्या कामाला लागते.

---

वर्धारोड_प्रकल्प

पंपघर जी, नियमावली जी, मनापासून आभार. शो-तलाव आणि पेंग्विन दोन्ही काढतो. दोन पुढचे प्रश्न. वीज गेली तर किती वेळ हातात असतो? आणि मुशी ठेवल्याशिवाय लोक येणार नाहीत असं संचालकांचं म्हणणं आहे. त्यांना काय सांगावं?

---

माशांचा_दवाखाना

विजेचं आधी. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मुळात लिटरला ६.७ मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, गोड्या पाण्यात तो ८.२ असतो. भरलेल्या टाकीत हवा बंद पडली की वेळ तासांत मोजायची, आणि खाणं दिल्यानंतर लगेच वीज गेली तर त्याहूनही कमी. त्यामुळे दोन जनरेटर, प्रत्येक एकटा पूर्ण जीवरक्षक भार पेलणारा, हवेच्या ब्लोअरला वेगळा यूपीएस, आणि विजेशिवाय चालणारे ऑक्सिजन सिलिंडर टाकीत उतरलेल्या डिफ्यूजरसकट. महिन्यातून एकदा मुख्य स्विच खरोखर पाडून चाचणी घ्या. बिनभाराची चाचणी काही सांगत नाही.

मुशींबद्दल. काळ्या टोकाची मुशी दीड मीटरच्या पुढे वाढते आणि सतत पोहत राहते. तिला लांब, सरळ तरंगत जाण्याची वाट आणि गोलसर कोपरे लागतात. तुमच्या टाकीत बोगदा मध्येच जागा खातो, तेव्हा मोकळी लांबी नकाशावर मोजा, लिटर मोजू नका. बांबू-मुशी ही तळाशी बसणारी, साधारण मीटरभर लांबीची, आपल्या समुद्रातली, बंदिस्त जागेत अंडी घालणारी. तिची अंडी मागून दिवा लावलेल्या लहान टाकीत ठेवली तर आतला जीव हलताना दिसतो आणि तीन-चार महिन्यांत पिल्लू बाहेर येतं. शाळांच्या सहलींना त्याहून चांगलं काही दाखवता येणार नाही. संचालकांना ‘मुशी आहे’ असं म्हणता येईल आणि प्राण्याचेही हाल होणार नाहीत.

अलगीकरण हा माझ्या दृष्टीने सबंध प्रकल्पाचा कणा आहे. प्रदर्शनातल्या पाण्याच्या निदान दहावा हिस्सा अलगीकरणाला, वेगळी खोली, वेगळे जाळे, वेगळे बूट, आणि पाण्याचा एकही पाइप मुख्य यंत्रणेला जोडलेला नको. नव्या माशाला किमान ३० दिवस. समुद्री पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एकदा १० लाख लिटरच्या टाकीत शिरला की औषध टाकून काढता येत नाही, कारण त्या टाकीत मुशी, पाकट आणि अपृष्ठवंशी प्राणी असतात आणि तांबं त्यांना चालत नाही. अलगीकरणात हाडांच्या माशांना मोकळं तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, तीन आठवडे, दिवसातून दोनदा मोजून. चुनखडीची वाळू किंवा दगड त्या टाकीत नकोत, ते तांबं शोषतात आणि मात्रा घसरते. कातडीवरच्या चपट्या कृमींना प्राझिक्वाँटेल लिटरला २ मिलिग्रॅम. त्याआधी पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून घ्या, तापमान आणि सामू जुळवूनच.

वाहतुकीत मासे मरतात त्याचं कारण बहुतेकदा पिशवी उघडल्यानंतर घडतं. लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून सामू खाली जातो आणि अमोनिया त्यातल्या त्यात निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. मग तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसलं तर मासा विषात बसतो. पुरवठादाराकडून पिशवीची क्षारता आधी विचारा, अलगीकरण टाकी त्याच क्षारतेला आणून ठेवा, तापमान जुळवा, आणि मासा लगेच हलवा. चेन्नईहून विमानाने माल येतो, पण १५ एप्रिल ते १५ जूनमध्ये मागवू नका. धावपट्टीवर पेटी अर्धा तास राहिली तरी पुरे. क्लाउनफिश, डॅमसेल यांची बंदिस्त पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे यशस्वी केलेली आहे, पैदाशीचेच मासे मागा. ते गोळी-खाद्य खातात आणि प्रवास सोसतात.

ओझोनबाबत पंपघर यांच्या म्हणण्यात थोडी भर. समुद्री पाण्यात ओझोन ब्रोमाइडशी अभिक्रिया करून बराच काळ टिकणारी ऑक्सिडंट द्रव्यं बनवतो. टाकीतला रेडॉक्स, म्हणजे पाण्याच्या ऑक्सिडीकरण-शक्तीचं माप, ३०० ते ३५० मिलिव्होल्टच्या आसपास ठेवा, ४०० च्या वर गेला की ओझोन आपोआप बंद होईल अशी साखळी हवी. ओझोनमुळे पाण्यातलं आयोडाइडही कमी होतं. त्यातच नायट्रेट चढलेलं असेल तर मुशी-पाकटांना गलगंड होतो, घशाखाली गाठ दिसते. आयोडाइडची पूर्तता आणि नायट्रेट काढण्याची यंत्रणा दोन्ही पहिल्या दिवसापासून धरा.

खाद्यात गोठवलेला बांगडा-तारली रोज दिली तर त्यातल्या थायमिनेज या विकरामुळे बी-१ जीवनसत्त्व संपतं, मासे वाकडे पोहायला लागतात. पूरक गोळी खाद्यात भरूनच द्यावी.

हात लावायच्या हौदात तारामासे आणि शंख पुरेत. आधी साध्या पाण्याने हात धुवायचे, साबण आणि सनस्क्रीन दोन्ही नको. वॉटर पार्कमधून ओल्या अंगाने मुलं थेट येतील, म्हणून मध्ये शॉवर आणि एक वळण ठेवा. प्राण्यांचे दोन गट आलटून पालटून हौदात आणा, दोन तासांच्या वर एकाला नको.

---

हिशेबवही

पैशाचं आणि पुढच्या दहा वर्षांचं बोलतो. वॉटर पार्क बंद ठेवला तर खर्च जवळपास थांबतो. मत्स्यालय बंद ठेवलं तर फक्त उत्पन्न थांबतं. संचालकांना सगळ्यात आधी हा फरक पटवून द्या, कारण त्यांचा सगळा अनुभव पहिल्या धंद्याचा आहे.

जगभरात काय झालं ते बघा. अमेरिकेतल्या सी-वर्ल्ड कंपनीने ऑगस्ट २०१४ मध्ये सॅन दिएगोच्या ऑर्का (किलर व्हेल) टाक्या जवळपास दुप्पट करण्याचा प्रकल्प जाहीर केला. ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने तो मंजूर केला, पण पैदास करायची नाही या अटीवर. मार्च २०१६ मध्ये कंपनीने स्वतःच ऑर्कांची पैदास बंद केल्याचं जाहीर केलं. पाहुणे २०१३ मध्ये २.३४ कोटी होते, २०१७ मध्ये २.०८ कोटी राहिले. नवी गुंतवणूक रोलरकोस्टरकडे वळली आणि २०२३ मध्ये अबूधाबीला उघडलेल्या त्यांच्या नावाच्या पार्कात एकही ऑर्का नाही. एका प्राण्याभोवती सगळी ओळख बांधली की समाजाचं मत बदलल्यावर कंपनीला पळायला जागा उरत नाही.

फ्रान्समध्ये आँतिबचं मरीनलँड ५ जानेवारी २०२५ ला बंद झालं, कारण २०२१ च्या कायद्याने डॉल्फिन-ऑर्कांचे खेळ बंद होणार होते. दारं बंद झाली तरी ऑर्का आणि डॉल्फिन तिथेच राहिले आणि त्यांना कुठे न्यायचं यावर वाद चालू राहिला. पंप, खाद्य, पशुवैद्य सगळं चालूच. हाँगकाँगच्या ओशन पार्कला २०२० मध्ये ५४० कोटी हाँगकाँग डॉलरची सरकारी मदत लागली. तुमच्यामागे असं सरकार उभं राहणार नाही. म्हणून एक अट संचालक मंडळाच्या ठरावातच घाला : प्राण्यांच्या बारा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात, बँकेच्या कर्जाला तारण न देता. आणि प्रत्येक प्रजातीपुढे लिहा, पार्क बंद पडलं तर हा प्राणी कुठे जाईल. ज्याच्यापुढे उत्तर लिहिता येत नाही तो प्राणी घ्यायचा नाही.

हिशेबाची रीत. समजा वीज, पगार, खाद्य, मीठ, देखभाल मिळून महिन्याचा स्थिर खर्च ६० लाख, आणि कर वजा जाऊन माणशी ४०० रुपये हाती येतात. तर महिन्याला १५ हजार माणसं आली की फक्त दिवे-पंप चालले, कर्जाचा हप्ता अजून बाकी. जुलै ते सप्टेंबर हा आकडा धरून बघा, मेचा धरू नका. भाऊ, आपल्याकडे लोकं मेमध्ये कूलरच्या खोलीतून बाहेर निघतात ते एकतर पाण्यात डुंबायला नाहीतर एसीत बसायला, तेव्हा मे आपोआप भरेल. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, तेवढा हंगाम लांबतो. खरी कमाई पावसाळ्यात आहे, कारण त्या वेळी वॉटर पार्क थंडावतं आणि बंदिस्त मत्स्यालय चालू राहू शकतं. म्हणून शाळांच्या सहली जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारीकडे वळवा, दर कमी ठेवा, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी ते दिवस सकाळी लवकर उघडा.

बोगद्याची क्षमताही तपासा. आत एका वेळी ६० माणसं आणि सरासरी चार मिनिटं धरली तर तासाला ९०० माणसं. रविवारी दुपारी त्याहून जास्त आत सोडली तर लोक काही न पाहता बाहेर पडतात आणि परत येत नाहीत. वेळ छापलेलं तिकीट द्या.

---

मामातलाव

पहिला टप्पा कोणता या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. पहिला टप्पा गोड्या पाण्याचा करा.

भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव, वैनगंगा, पेंच, कन्हान. मरळ, वाम, मागूर, रोहू, कटला, झिंगे, खेकडे. ढिवर समाजाकडे या पाण्याची जी जाणकारी आहे ती कुठल्याही फलकावर आजवर नीट लिहिली गेलेली नाही. तलावाचा छेद काचेमागे दाखवा : काठचं गवत, पाणवनस्पती, मधलं पाणी, चिखल. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेते, पिल्लांचा थवा राखते, हे बघायला लोकं तासभर उभी राहतील. त्यांनी खाल्लेला मासा आहे, पण जिवंत, शांतपणे पाहिलेला नाही.

व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही हाच टप्पा बरोबर. मीठ लागत नाही, तांब्याची आणि गंजाची भीती कमी, पाण्याची चूक पचते, आणि कर्मचारी गाळणी, अलगीकरण, नोंदवही, रात्रपाळी हे सगळं दोन वर्षं या माशांवर शिकतात. नागपुरात माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथले पदवीधर घ्या, प्रशिक्षणाचा करार करा. दुसऱ्या टप्प्यात लहान समुद्री टाक्या आणि एक-दीड लाख लिटरची मधली टाकी. तिसऱ्यात बोगदा, तोही दुसऱ्या टप्प्यात मासे सलग दोन वर्षं चांगले जगले तरच. ही अट आकड्यात लिहा : पहिल्या वर्षीचे मृत्यू, कारणांसकट, दर तिमाहीला संचालकांपुढे.

पहिल्या टप्प्यात फक्त एक काळजी. परदेशी मांगूर, सकरमाउथ यांसारखे मासे प्रदर्शनात आणूच नका, आणि टाकीचं पाणी बाहेर जाताना बारीक जाळी आणि क्लोरीन दोन्ही. तिथून एक जोडी नाल्यात गेली की तलावांपर्यंत पोचते.

---

वर्धारोड_प्रकल्प

मामातलाव जी, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. तीन टप्पे असेच मांडतो. एक शेवटचं : दुसऱ्या टप्प्यातल्या समुद्री टाक्या उन्हाळी सुट्टीला उघडायच्या असतील तर पाणी कधी भरायला घ्यावं?

---

पंपघर

ऑक्टोबर. पावसाची दमट हवा गेलेली असते, काँक्रीट आणि अस्तर सुकलेलं असतं, चिलरवर भार नसतो.

पहिले दोन आठवडे साध्या पाण्याने भरून गळती बघा, सांध्यांची रोज नोंद. मग रिकामी न करता त्यातच क्षार घोळा, पाणी वाया जात नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाळणीत अमोनिया पचवणारे जिवाणू बसवायला घ्या : अमोनियम क्लोराइडने अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चढवा, शून्यावर आला की परत चढवा. समुद्री पाण्यात हे गोड्या पाण्यापेक्षा हळू होतं, सहा ते आठ आठवडे धरा. २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत संपतो आणि नायट्राइटही शून्य दिसतं, तेव्हाच टाकी तयार. बाटलीतले जिवाणू टाकून दहा दिवसांत तयार होईल असं सांगणारा पुरवठादार आला तर हीच चाचणी त्याच्यासमोर घ्या.

त्याच वेळी, नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत, मासे अलगीकरणात आलेले असावेत. जानेवारीपासून थोडे थोडे सोडा, एका वेळी एकूण वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नाही, प्रत्येक खेपेनंतर आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट रोज. मार्चमध्ये बाहेरचं तापमान चढायला लागतं, तेव्हा चिलर, जनरेटर आणि वेगनियंत्रक पूर्ण भारावर पंधरा दिवस चालवून बघा. याच काळात बाष्पीभवनाचा खरा आकडा कळतो. २०० चौरस मीटर पाण्याच्या पृष्ठभागातून रोज ८०० ते १००० लिटर उडू शकतं, आणि उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, तरंगत्या व्हॉल्व्हने, दर तासाला थोडी. खाऱ्या पाण्याने भर घातली तर एप्रिल संपेपर्यंत क्षारता ४० च्या पुढे गेलेली सापडेल.

एप्रिलच्या मध्याला दारं उघडा. तोपर्यंत काही मागे पडलं तर उद्घाटन ऑगस्टवर ढकला, मे-जूनमध्ये नवे मासे घालू नका.